लवंगीची गाडी

"टाच टेकत नाहीये तुझी," सासूबाई म्हणाल्या.

लवंगी मोटरसायकलवर बसली होती. दोन्ही चवडे फरशीवर घट्ट रोवलेले, गाडी व्यवस्थित तोललेली. सकाळपासूनचं हे चौथं दुकान आणि ही सातवी गाडी.

"आई, टाच नाही टेकली तरी चालतं. चवडे पुरतात."

"टाच टेकायला हवी." सासूबाई सेल्समनकडे वळल्या. "वजन किती हो?"

"मॅडमचं?"

"गाडीचं!"

लवंगीने ओठ घट्ट मिटले. लॅबमध्ये तिला सगळे लवंगीच म्हणत. उंची चार फूट दहा इंच, पण तडतड मोठी. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचं तिचं काम. दोन बस बदलत, खांद्याला नमुन्यांचा डबा अडकवून ती नऊ वर्षं हे करत होती. आता साहेबांनी फर्मान काढलं होतं. एक तारखेपासून ज्याच्याकडे स्वतःची गाडी, तोच बाहेर जाणार. बाकीच्यांनी आत बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. लवंगीला चिठ्ठ्या चिकटवायच्या नव्हत्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची शीर तिला एका टोचणीत सापडे. दुसरं कुणी आलं तर ते हात पुढेच करत नसत.

स्कूटर घे, असं सगळ्यांचं सांगून झालं होतं. मैत्रिणीची स्कूटर तिने महिनाभर वापरूनही पाहिली होती. खाणीकडच्या वस्तीच्या रस्त्यावर एका खड्ड्यात ते चिमुकलं चाक असं आपटलं, की डबा उडाला आणि अकरा जणांचं रक्त मातीत गेलं. अकरा जणांना पुन्हा टोचताना तिने मनाशी पक्कं केलं, घ्यायची तर मोठ्या चाकांची मोटरसायकलच. नवऱ्याच्या मित्राच्या गाडीवर ती शिकली, परवाना काढला. आज नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. "आईला घेऊन जा, तिला बरं वाटेल," तो म्हणाला होता.

पहिल्या दुकानात सेल्समनने "तुमचे साहेब कधी येतील?" असं विचारलं. दुसऱ्यात गाडीच्या आधी गुलाबी हेल्मेट पुढे आलं. तिसऱ्यात ती बसल्याबरोबर सेल्समनने मागून गाडी धरली ती सोडलीच नाही. हे सगळं तिने गिळलं असतं. पण सासूबाईंचं काय करायचं? एकही गाडी त्यांना पसंत पडेना. ही फार जड. हिचा क्लच दगडासारखा, बोटं भरून येतील. हिचं हँडल लांब, वाकून वाकून कंबर धरेल. लवंगीची कंबर ठणठणीत होती. तिने दोनदा हसून सोडून दिलं, तिसऱ्यांदा हसू आलं नाही.

"एक चक्कर मारून येते," ती म्हणाली आणि गाडी बाहेर काढली.

चौक, चढ, गतिरोधक, पुन्हा चढ. गाडी अंगाला बसली. सिग्नलला तिने अलगद चवडे टेकले, शेजारच्या ट्रकवाल्याकडे बघितलंही नाही. सकाळपासून डोक्यात चाललेली भुणभुण बंद झाली. परत येऊन तिने इंजिन बंद केलं.

"हीच घेते."

"उंच आहे गं," सासूबाई म्हणाल्या.

लवंगीचा संयम सुटला. "बास आता, आई! सकाळपासून ऐकतेय. ही नको, ती नको. मी गाडी घ्यावी असं तुम्हाला वाटतच नाहीये. तसं सरळ सांगा ना! बस पकडते, घरी जाते आणि बसते जन्मभर चिठ्ठ्या चिकटवत!"

दुकानातली चार माणसं वळून बघू लागली. सेल्समनने माहितीपत्रकात डोकं घातलं. सासूबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी आपली पिशवी सेल्समनच्या हातात दिली, लवंगीला हाताने बाजूला केलं, हँडल पकडलं आणि गाडीवर पाय टाकला. पहिल्या खेपेला जमलं नाही. दुसऱ्या खेपेला त्या बसल्या. लवंगीने धावत जाऊन गाडी सरळ धरली.

सासूबाईंचे दोन्ही पाय अधांतरी लोंबत होते.

"माझे चवडेसुद्धा टेकत नाहीत, बघ," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"पण तुमचे कशाला टेकायला..." लवंगी अर्ध्यावरच थांबली. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. सांध्यांवर सुजलेली बोटं क्लच दाबून बघत होती.

"रविवारी तुझी गाडी उभीच असणार ना," सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुला कसं विचारावं कळेना. चाळीस वर्षं ह्यांच्या मागे बसले गं. पाठीशिवाय काही दिसलं नाही. एकदा समोरचा रस्ता बघायचाय."

सेल्समन खाकरला. "आजी, आता या वयात म्हणजे..."

"तुम्ही थांबा हो," लवंगी म्हणाली. गाडीवरचा हात न काढता तिने दुसऱ्या हाताने किल्ली त्याच्यासमोर धरली. "ही ठेवा परत. बुटकी दाखवा. आम्हा दोघींना चालवायचीये."