राणीला पिल्लं होत नाहीत

“हे कुणाला पटायचं नाही, म्हणून मी कुणाला सांगतच नाही,” असं म्हणत सुकऱ्याने ही गोष्ट त्या आठवड्यात चौथ्यांदा सांगायला घेतली.

ओट्यावर पिंजरा होता. पिंजऱ्यात पांढरी उंदरीण, नाव राणी. समोर सोनीबाई बसली होती, मांडीवर पाय बांधलेली अंड्यावरची कोंबडी घेऊन. तळासरीच्या आठवडी बाजारात ती कोंबडीची पिल्लं विकायची. गिऱ्हाइकाला कोंबडी हवी असली तर कोंबडा कधी गळ्यात मारायची नाही, म्हणून तिचं नाव होतं. आज मात्र ती कोंबडी देऊन राणीला घ्यायला आली होती. आठ दिवसांत भाताच्या रोपांसाठी राब पेरायचा होता आणि कणगीतलं बियाण्याचं भात उंदीर खाऊन संपवत होते. ते गेलं तर यंदा शेतात लावायला काडी उरणार नव्हती.

“अकरा वर्षं, सोनीबाय! मुंबईच्या लॅबमध्ये उंदरांची खोली माझ्या ताब्यात. मला विचारल्याशिवाय मॅडम उंदराला हात लावत नसत.”

“म्हणून हा खाकी शर्ट?”

“तिथे सगळ्यांना खाकीच.” खिशाबाहेर लोंबणारी शिट्टीची दोरी सुकऱ्याने आत सारली.

घरात त्याची बायको गंगी तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

“आता नीट ऐक. उंदरिणीला जन्मभर पुरतील तेवढ्या अंड्यांची तयारी ती जन्मायच्या आधीच होते.”

“म्हणजे आईच्या पोटातच?”

“तिथेच. तेराव्या दिवसाच्या सुमाराला एक जीन जागा होतो आणि हुकूम सोडतो, चला, अंडी व्हायला लागा! स्ट्रा-एट त्याचं नाव. मॅडमने हिच्यातून तोच काढून टाकला. हुकूमच नाही, तर अंडी कुठली? हिला जन्मात पिल्लू व्हायचं नाही.”

“कशावरून?”

“मॅडमने निरोपाच्या दिवशी दिली, दीड वर्ष झालं. एक तरी पिल्लू झालं का, विचार गंगीला.”

“नाही झालं,” गंगी आतून म्हणाली. “वास मात्र फार मारते.”

“लॅबचा वास आहे तो. लवकर जात नाही.”

सोनीबाईने कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. “पण हिला कणगीपाशी सोडून माझं भात कसं वाचणार?”

“अगं, अशी गोरीपान राणी दिसल्यावर तुझ्याकडचे सगळे नर हिच्यामागे लागणार. आपापल्या बायका विसरणार. हिला पिल्लं नाहीत, त्यांना पिल्लं नाहीत. पाऊस यायच्या आत वंश बुडाला!”

“हिला नर चालतात का पण?”

“जरा मानी आहे. आमच्याकडे एक आला होता, त्याचा कान फाडून पिटाळला हिने.”

“मग माझ्याकडचेही पळून गेले तर?”

“गेले तर तुझंच भलं की!”

सोनीबाई खुदकन हसली. तिने कोंबडी पुढे सरकवली. आज रात्रीचा रस्सा डोळ्यांसमोर आणत सुकऱ्याने दोन्ही हात पुढे केले.

“थांब दादा. एकदा हातात घेऊन बघते.”

“चावेल हां!”

“लॅबची ना? माणसांची सवय असेल तिला.”

तो नको नको म्हणेपर्यंत तिने पिंजऱ्याचं दार उघडलं. राणीला शेपटीच्या बुडाशी धरून उचललं, आणि बाजारात पिल्लं पारखते तशी उलटी करून उजेडाकडे धरली. नीट बघितलं. परत पिंजऱ्यात ठेवलं. मग कोंबडी काखेत मारून ती उठली.

“दादा, ह्याला पिल्लं व्हायची नाहीत, हे शंभर टक्के खरं,” ती म्हणाली. “पण ह्याच्यापासून माझ्या कणगीतल्या साऱ्या उंदरिणींना होतील! अकरा वर्षांत त्या खोलीत एकदा तरी शिरलास का रे, की बाहेर गेटवर नुसती शिट्टीच फुंकलीस?”