बिनआवाजाची गाडी

एका गृहस्थाच्या सासूबाई एकट्या राहतात. त्यांना आपल्याकडे आणायचा विषय बायको नेहमी गाडीतच काढते, कारण घरात नवरा तिच्या हाती लागत नाही. पण दोघांची जुनी डिझेल गाडी अशी खडखडते, की ‘काय म्हणालीस?’ एवढ्यावर गृहस्थाचं आजवर निभावलं होतं.

आज दोघं इलेक्ट्रिक गाडी चालवून बघायला आले. मागच्या सीटवर शोरूमचा सेल्समन बसला. “इंजिनच नाही साहेब, आवाज कुठून येणार?” तो म्हणाला. आणि खरंच, गाडी उड्डाणपुलावर चढली तरी आत चिडीचूप.

“आईला या महिन्यात आणूया ना?” बायकोने हळूच विचारलं.

नवऱ्याने आरशात पाहिलं, पुढे पाहिलं. पुलावर कुठे वळायची सोय नव्हती. सवयीने तोंडातून निघून गेलं, “काय म्हणालीस?”

सेल्समनला तर गाडी विकायची होती. “साहेब, मला इथे मागेसुद्धा स्पष्ट ऐकू आलं. आईंना या महिन्यात आणूया का, असं विचारतायत वहिनी.”

 

“राहू द्या हो भाऊ,” बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, “यांना आमच्या जुन्या गाडीतही ऐकू येतं.”