उद्घाटनाचा फटका

दुसरबीड रोडच्या माळावर संस्थेच्या गोल्फ मैदानाचं उद्घाटन अध्यक्ष भगवानराव करणार होते. गोल्फ जाणणारे अख्ख्या पंचक्रोशीत एकटे शरच्चंद्र सर, तेही मोबाईलवर बघून शिकलेले. सरांची मुलगी श्रद्धा संस्थेच्या शाळेत वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत होती आणि तिच्या नेमणुकीची ऑर्डर भगवानरावांच्या सहीवाचून अडली होती. म्हणून सरांनी स्वतः गुडघे टेकून टी नावाची बोटभर लाकडी खुंटी मातीत रोवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि तिच्या डोक्यावर चेंडू अलगद बसवला.

"साहेब, ही फक्त पहिल्या फटक्यालेच भेटते. मंग चेंडू जिथं पडन, तिथूनच मारा लागते."

भगवानरावांनी कुऱ्हाड घालावी तशी काठी घातली. टी मोडून पार बाभळीपर्यंत उडाली, चेंडू मात्र जागच्या जागी पडला. उडालेली टी म्हणजेच चेंडू समजून मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी झटकन पाय पुढे टाकला आणि चेंडू बुटाखाली ओल्या मातीत दाबला.

"कुठवर गेला हो, सर?" भगवानरावांनी कपाळावर हात धरून विचारलं.

"लय दूर, साहेब! दिसूनच नाही राह्यला."

भगवानराव असे खुलले, की स्टेजवर चढून त्यांनी श्रद्धाची ऑर्डर मागवली आणि तिथंच सही ठोकली. "सर, पोरीची ऑर्डर आत्ताच घेऊन जा. या, वर या!" ते माईकवर गरजले.

अख्खा मांडव वळून बघू लागला. सरांनी तिथूनच हात जोडले, पण पाय काही उचलला नाही.