सवतीचा टाक

प्लेगात गेलेल्या सवतीचा चांदीचा टाक, म्हणजे तिची ठसवलेली छोटी प्रतिमा, दुसरेपणाच्या रीतीप्रमाणे दगूबाईच्या गळ्यात होता. नवरा चुडामण रोज दुपारी स्वप्नात त्या जसोदेला भेटे आणि उठल्यावर कौतुकाने सांगे. एकदा दगूबाईने विचारलंच, "सपन शे, हाई तुमले तठे कसं समजस?" "सोपं शे. तठे जसोदा जित्ती ऱ्हास, म्हनीसन तुन्हा गळामा टाक नही ऱ्हास. मोकळा गळा दिसना का मी तिले हाक मारस." दगूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलीच्या वाट्याचं हसू एकदा तरी आपल्याला मिळावं, म्हणून दुसऱ्या दिवशी टाक काढून ती जाग्या चुडामणसमोर उभी राहिली. त्याने तिचा गळा पाहिला. चेहरा उजळला. तिच्या खांद्यावरून रिकाम्या दाराकडे बघत तो म्हणाला, "ये वं जसोदा." दगूबाईने घाईघाईने टाक गळ्यात घातला; पण त्याने पुन्हा तिच्या गळ्याकडे पाहिलंच नाही.