दोन चांगले शब्द

"बाबा, घरात किती बसून राहता? चार लोकांत मिसळा ना!" असं म्हणत माझ्या लेकीनं, मुग्धानं, मला धरमपेठेतल्या एका क्लबमध्ये 'अनोळखी गप्पां'च्या संध्याकाळी पाठवलं. तिथे अनोळखी माणसाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे असतात, एवढंच तिनं सांगितलं होतं.

आधी दिसला त्या हॉलमध्ये शिरून मी मागच्या खुर्चीवर बसलो. थोड्या वेळानं कुणीतरी माझ्या हातात माइक दिला आणि समोर हार घालून बसलेल्या गृहस्थांकडे बोट दाखवलं. मग मी सुटलोच.

"यांच्या डोळ्यांत केवढी माया आहे बघा! यांच्या हाताखाली काम करणारे किती नशीबवान असतील!"

हॉल चिडीचूप झाला. टाळी वाजवायचंही कुणाला भान राहिलं नाही. गृहस्थ तर रुमालानं डोळे पुसायला लागले. आपण एवढे मोठे वक्ते आहोत हे आजवर आपल्याला कळलं कसं नाही, या विचारानं माझी छाती फुगली.

माइक ठेवून वळलो, तर भिंतीवर फलक होता : 'ढोबळे साहेबांचा सेवानिवृत्ती समारंभ'. माझा कार्यक्रम शेजारच्या हॉलमध्ये होता! मी शरमेनं ढोबळे साहेबांजवळ गेलो.

"माफ करा साहेब, मी चुकून आत आलो."

त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाले,

 

"मले माहीत होतं ना भाऊ. ऑफिसातलं कोणीच बोलायले उठून नव्हतं राहिलं, म्हणून मीच माइक तुमच्याकडे पाठवला."