आधी लिहून दे

"आधी लिहून दे, मग पासवर्ड," अंबरीश सर म्हणाले आणि कोरा कागद साक्षीपुढे सरकवला.

लातुरातल्या त्यांच्या क्लासचा सर्व्हर सकाळपासून बंद होता. सराव परीक्षेच्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड त्यावर, आणि परीक्षा दुपारी. क्लासचे कंप्युटर सांभाळणाऱ्या साक्षीनं दसऱ्याच्या सुट्टीवरून आल्या आल्या तो बंद करून चालू केला, तो उठलाच नाही. शेवटचा हात तिचा, म्हणून चूक तिची. सरांचा न्याय असा झटपट: आधी लेखी माफीनामा, मगच दुरुस्तीसाठी सर्व्हरचा पासवर्ड. पण असला माफीनामा लिहून दिल्यावर लातुरातल्या दुसऱ्या कुठल्या क्लासनं तिला दारात उभं केलं नसतं.

"औशाकडच्या, भूकंपातल्या गावची पोर म्हणून तुला फुकट शिकवलं. विसरलीस?"

"न्हाई विसरले, सर. उपकार मानते. न केलेली चूक मानणार न्हाई."

दारात जमलेले शिक्षक चुळबुळले. या क्लासमध्ये सरांना नाही म्हणायची पद्धत नव्हती.

साक्षीनं दोन्ही हात पाठीमागे बांधले. "तुम्हीच बसा. मी कशाला हातच लावत न्हाई. का उठला न्हाई ते सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो. वाचा."

सर तावातावानं बसले. शेवटची नोंद सापडली: कॉन्फिग फाइलची पहिली ओळ समजत नाही.

"ही सर्व्हरच्या सूचनांची फाइल, सर. तिच्यावर तारीख दसऱ्याची आहे. तुम्ही उघडली होती?"

"पूजा झाल्यावर क्लासचं नवं नाव टाकलं, मुहूर्तावर. दुसरं एक अक्षर लिहिलं नाही."

"उघडा."

नवं नाव अगदी बरोबर होतं. आणि सगळ्याच्या वर, पहिल्याच ओळीत: ॥ श्री ॥

कोणी हसलं नाही. हसायची हिंमत कोणाची! आणि सर खोटंही बोलले नव्हते. पाटीपासून फळ्यापर्यंत श्री काढल्याशिवाय त्यांनी कधी काही लिहिलंच नव्हतं. ते लिहिण्यात धरायचं असतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. सकाळी नव्यानं चालू होताना मशीननं फाइल वाचली, त्याला मात्र ती सूचना वाटली आणि ते तिथंच अडलं.

सरांचं बोट पुसायच्या बटणावर गेलं. तेही तिथंच अडलं.

"पुसू नका," साक्षी म्हणाली. "ओळीच्या आधी हॅशची खूण टाका. तशी ओळ मशीन सोडून देतं. ती माणसांनी वाचायची असते."

सरांनी # टाकला. सर्व्हर उठला. सरांनी कागद हळूच मागे ओढला.

"जाऊ दे. माफीनाम्याचं राहू दे आता."

साक्षीचे हात अजून पाठीमागेच होते.

"राहू कसं द्यायचं, सर? लेखी पाहिजे म्हणाला होतात. आता लेखीच पाहिजे."

सर परत पडद्याकडे वळले. त्यांनी श्रीच्या खाली आणखी एक # टाकला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: चूक माझी. साक्षीची नाही. अंबरीश.