तालमीला हजर

दहावीच्या निरोप समारंभाची एकही तालीम चुकवायची नाही आणि खाडीपलीकडच्या मुलांना पालकांनीच होडीतून आणायचं-न्यायचं, असा शाळेचा कडक नियम होता. खाडीवर तेव्हा पूल झाला नव्हता. त्यामुळे जाळी सुकत घालून झाली, की लवू प्रणिताला होडीतून शाळेत आणायचा आणि तालीम संपेपर्यंत खिडकीखाली बसून राहायचा. त्याची ही आईवेगळी पोर सगळ्या वर्गाच्या वतीने भाषण करणार होती. ऐकून ऐकून ते भाषण त्यालाच तोंडपाठ झालं होतं; वल्ही मारतानाही तो ते पुटपुटायचा.

समारंभाच्या दिवशी लवू ठेवणीतला सदरा घालून पहिल्या रांगेत बसला. तेवढ्यात फोन आला, की प्रमुख पाहुण्यांची गाडी रस्ता चुकून पलीकडच्या काठावर जाऊन थांबलीय. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला.

लवूच उठला. "मी घेवन येतंय तेंका, सर. तुमी कार्यक्रम सुरू करा. चेडवाचा भाषण माका पाठच आसा."

पाहुण्यांना घेऊन तो धक्क्याला लागला, तेव्हा शाळेतून टाळ्यांचा कडकडाट ऐकू येत होता. पाहुणे घाईघाईने वर गेले. लवू होडी बांधत होता, तोच प्रणिता धावत खाली आली. रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"बाबा, शेवटाक मी तुझ्याबद्दल बोललंय. तालमीत तेवढा कधीच बोलूक नाय, तू खिडकीखाली ऐकत बसलेलस म्हणान."